अडाणच्या फुगवट्यावरचे पाहुणे

दिवाळीच्या सुमारास इंझोरीच्या शिवारात सोयाबीन निघालेले असते, तूर कमरेच्या वर गेलेली असते आणि हरभऱ्यासाठी रान तयार होत असते. याच दिवसांत, पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले की, कारंजा-मानोरा पट्ट्यातल्या अडाण जलाशयावर पहिली बदके उतरतात. कोणी सांगत नाही, कुठे बातमी येत नाही. एके दिवशी पाण्याच्या मध्यावर काळसर ठिपक्यांची एक रेघ दिसते आणि वाऱ्याने ती रेघ थोडी वाकते. एवढेच.

नवशिक्या पक्षिनिरीक्षकाची पहिली निराशा इथूनच सुरू होते. पुस्तकात पाहिलेले देखणे नर कुठेच दिसत नाहीत, सगळ्या मातकट, तपकिरी माद्याच दिसतात. माझेही असेच झाले होते. पहिल्या वर्षी मी वहीत चक्क लिहून ठेवले होते की, आपल्याकडे फक्त माद्या स्थलांतर करतात! कारण पुढे कळले. वीण संपली की बदकांच्या पंखांची सगळी उड्डाणपिसे एकाच वेळी गळतात आणि काही आठवडे ती उडूच शकत नाहीत. अशा वेळी भडक रंग म्हणजे शत्रूला आमंत्रण, म्हणून नरही मादीसारखा मळका वेश धारण करतो. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात तेव्हा बरेचसे नर अजून त्या वेशातून बाहेर पडत असतात. तलवार बदकाची लांब शेपटी, थापट्याचे हिरवे डोके, चक्रांगाच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा हे सगळे डिसेंबरपर्यंत उजळत जाते. भुवई बदक याहीपेक्षा आळशी. त्याची पांढरी भुवई नीट दिसायला कधी कधी जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. म्हणून दिवाळीत दुर्बीण विकत घेणाऱ्यांना माझा सल्ला असतो, आत्ता रंग पाहू नका, आकार पाहा. चोच फावड्यासारखी रुंद आहे का, मान लांब आहे का, पक्षी पाण्यात खोल बसला आहे की बुचासारखा वर तरंगतो आहे.

अडाण ही पैनगंगेची उपनदी. वाशिम जिल्ह्यातून यवतमाळकडे वाहत जाणाऱ्या या नदीवर धरण बांधले ते सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पक्षी कोणाच्या आराखड्यात नव्हते. पश्चिम विदर्भ हा काळ्या कसदार मातीचा पण नैसर्गिक सरोवरांनी दरिद्री प्रदेश. पूर्व विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडे जुन्या मालगुजारी तलावांची मोठी परंपरा आहे, आपल्याकडे तसे नाही. त्यामुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली धरणे आणि पाझर तलाव हीच आपली सरोवरे. मध्य आशियातून येणाऱ्या बदकाच्या दृष्टीने त्यात काही कमीपणा नाही. पाणी कोणी अडवले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ते किती खोल आहे आणि त्याच्या काठाला चिखल आहे का, एवढेच ते पाहते.

खोलीचा हा मुद्दा समजला की जलाशय वाचता येऊ लागतो. धरणाच्या भिंतीजवळ पाणी खोल असते, नदी जिथून आत येते त्या टोकाला उथळ. या उथळ शेपटाला आपण फुगवटा म्हणतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, मलीन बदक ही सगळी मंडळी डोके पाण्यात घालून, शेपूट वर करून तळातले खातात. त्यांची मान पोहोचेल एवढीच खोली त्यांच्या कामाची, म्हणजे हातभर पाणी. लालसरी आणि शेंडी बदक मात्र बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी चालते. टिटवी, शेकाट्या, तुतारी, छोटा टिलवा आणि चिखल्या यांना तर पाणीही फारसे नको, ओला चिखल हवा. म्हणून एकाच जलाशयावर एकाच सकाळी भिंतीकडून फुगवट्याकडे चालत गेलात तर पक्ष्यांची जणू वस्ती बदलत जाते. भिंतीजवळ चांदवे आणि टिबुकल्या, मध्ये लालसरी, पुढे तलवार बदके आणि अगदी टोकाला, गुडघाभर चिखलात, शेकाट्यांचे लाल पाय. पांढरा धोबी आणि पिवळा धोबी काठाच्या हिरवळीवर शेपट्या हलवत असतात. त्यांच्याकडे दुर्बीण रोखली की बाजूने जाणारे हसतात.

याच गोष्टीतून एक उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो आपल्या सगळ्यांच्या समजुतीला धक्का देणारा आहे. पाऊस चांगला झाला, धरण तुडुंब भरले, म्हणजे पक्षी भरपूर येणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तुडुंब धरण अनेक पक्ष्यांना गैरसोयीचे असते. पाणी थेट झुडपांच्या मुळाशी आणि बेशरमच्या जाळ्यांत जाऊन भिडते, चिखलाचा काठच उरत नाही. शिवाय त्या वर्षी आजूबाजूचे सगळे पाझर तलाव, शेततळी, नालेही भरलेले असतात, त्यामुळे थवे विखुरतात. उलट पाऊस ओढ देतो त्या वर्षी लहान तळी डिसेंबरातच आटतात आणि तालुक्याभराचे पक्षी एकदोन मोठ्या जलाशयांवर गोळा होतात. त्या वर्षी अडाणवर मोजणी करणाऱ्याला वाटते, पक्षी वाढले. वर्तमानपत्रात फोटो येतो. पण पक्षी वाढलेले नसतात, त्यांना जागा उरलेली नसते. एका तलावावरचा एका वर्षाचा आकडा म्हणूनच फार थोडे सांगतो. तोच तलाव, त्याच आठवड्यात, त्याच वाटेने, वर्षानुवर्षे मोजला, आणि सोबत पाण्याची पातळी लिहून ठेवली, तरच त्या आकड्यांतून काही बोलते.

अशी मोजणी करण्याची एक रीत जगात ठरलेली आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 साली सुरू झाली. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक देशांत हौशी लोक आपापले तलाव मोजतात. भारतात या कामाशी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जोडलेली आहे. जानेवारीच का, तर तोवर येणारे येऊन स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो. सगळीकडे एकाच सुमारास मोजले की एकच थवा दोन जिल्ह्यांत दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

मोजायचे कसे, हे सांगणे सोपे, करणे अवघड. एकेक पक्षी मोजता येतो तोवर एकेकच मोजावा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवायचे, मग पन्नासांचा तुकडा, आणि तो तुकडा मनाने उरलेल्या थव्यावर ठेवत जायचे. अनुभव असा की नवखा माणूस लहान थवा बरोबर मोजतो आणि मोठा थवा हमखास कमी मोजतो. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहायचे. सूर्य समोर असला की प्रत्येक बदक काळे दिसते आणि प्रत्येक काळे बदक लालसरी वाटू लागते. एका जानेवारीत मी नेमकी हीच चूक केली. उशीर झाला म्हणून जवळच्या काठावरून सूर्यासमोर मोजले आणि लालसरीचा मोठा थवा नोंदवून मोकळा झालो. दुपारी पलीकडून पाहिले तर त्यातले निम्म्याहून जास्त चांदवे! चांदवा म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा, आपल्याकडे ज्याला वारकरीही म्हणतात तो. कपाळावरचा गंध उन्हात दिसला म्हणून बरे. ती नोंद मी खोडली, पण त्याआधीची दोन वर्षेही मी त्याच काठावरून मोजत होतो, हे आठवून आजही जीव थोडा खाली-वर होतो. त्या दोन वर्षांच्या आकड्यांपुढे मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

पक्षी येतात कुठून, हा प्रश्न गावात सर्वांत जास्त विचारला जातो. एकदा फुगवट्याच्या काठी मोटारपंप सुरू करायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, "गुरुजी, हे पाखरं रशियातून येते म्हंतात, खरं हाय का जी?" खरे आहे, पण अर्धेच. बहुतेक बदकांच्या विणीचा टापू कझाकस्तान, सैबेरिया, मंगोलिया असा दूरवर पसरलेला आहे. चक्रवाक लडाखमध्येही वीण करतो, म्हणजे तो परदेशी पाहुणा नव्हे, आपलाच उत्तरेचा नातलग. पट्टकादंब हंसाचेही तसेच. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस तिबेट-मंगोलियात आणि आपल्या लडाखमधल्या त्सो मोरिरी-त्सो कर या सरोवरांच्या परिसरात वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. हा सगळा मार्ग मध्य आशियाई उड्डाणपथ या नावाने ओळखला जातो. त्यात तीस देश येतात आणि त्याचा मोठा शेवटचा थांबा म्हणजे आपला देश.

पट्टकादंब हिमालय ओलांडतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते. कसा ओलांडतो, ते अलीकडे कळले. पाठीवर उपग्रहयंत्र बसवलेल्या हंसांच्या नोंदींतून दिसले की, ते सारखे उंच उडत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की उतरतात, म्हणजे जमिनीला धरून उडतात. एका हंसाची नोंद 7,290 मीटरपर्यंत गेली, पण बहुतेक प्रवास त्याहून पुष्कळ खालून होतो. उंचावर राहण्यापेक्षा पुन्हा खाली येऊन पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते, कारण खालच्या दाट हवेत पंखाला जोर कमी लागतो. पुष्कळदा ते रात्री किंवा पहाटे उडतात, तेव्हा हवा थंड आणि जड असते. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट धरते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले हंस कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात, मागडीच्या तलावावर दिसले आहेत. म्हणून हंसांचा थवा दिसला तर आधी मोजू नका, आधी गळे पाहा.

शेतकऱ्याने मग दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्याहून अवघड होता. "मंग आमचा हरभरा कायले खाते?" हंस दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतो आणि अंधार पडला की शेतात उतरतो. कोवळा हरभरा, गहू, गवत, सगळे त्याला चालते. आणि आपल्याकडे शेतीची लाईन रात्रीची असते. म्हणजे कडाक्याच्या थंडीत पाणी द्यायला गेलेला माणूस आणि हिमालय ओलांडून आलेला पक्षी एकाच वाफ्यात समोरासमोर येतात. माणूस डबा वाजवतो, थवा उठतो, पुढच्या शेतात बसतो. त्या शेतकऱ्याला मी काही समाधानकारक उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे नव्हते. पंचनाम्याच्या यादीत रानडुक्कर आणि हरणे ओळखीची, हंसाचे नाव काढले तर समोरचा हसेल. पण ज्याच्या हरभऱ्यावर हा पक्षी जगतो, त्याला वगळून संवर्धनाच्या गोष्टी करणे मला तरी लबाडी वाटते.

काठावरची ही शेती हाच मुळात एक वेगळा विषय आहे. पाणी उतरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर गाळपेर होते. पिकाला वरून खत लागत नाही, ओल असतेच. पक्ष्यांनाही तीच जागा हवी असते, कारण तोच चिखलाचा काठ. आतापर्यंत दोघांचे जमत आले, कारण नांगर पाण्यामागे जातो आणि पाण्याच्या कडेचा पट्टा काही दिवस मोकळा राहतो. बिघडते ते ट्रॅक्टर अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत गेला की, किंवा काठभर पंप लागून पाणी झपाट्याने खाली गेले की. मासेमारीचेही असेच. भोई बांधवांचे जाळे रात्रभर पाण्यात असते, आणि बुडी मारणारे लालसरी, चांदवे, टिबुकल्या त्यात अडकतात. जाळे फाटते ते त्यांचे, जीव जातो तो पक्ष्याचा. पक्षी जास्त असतात त्या फुगवट्याच्या टोकाला हिवाळ्यात जाळी लावली नाहीत, तर दोघांचे नुकसान टळेल, असे मला वाटते. पण हे काठावर बसून बोलून ठरवायचे, फलक लावून नव्हे.

आता कायद्याकडे वळतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे या पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे, मग ते अभयारण्यात असोत की कोणाच्या शेतात. पक्ष्याला संरक्षण आहे, त्याच्या पाण्याला मात्र नाही. 2010 च्या पाणथळ जागांच्या नियमांत व्याख्येत जलाशयांचा उल्लेख होता. 2017 साली नवे नियम आले आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली मानवनिर्मित जलस्थाने व्याख्येबाहेर ठेवली गेली. पश्चिम विदर्भासारख्या प्रदेशात, जिथे पाणी म्हणजे धरणच, तिथे याचा अर्थ काय होतो ते पाहा. हिवाळ्यात जिथे सर्वाधिक पाणपक्षी असतात, त्या बहुतेक जागा कागदोपत्री पाणथळच नाहीत.

गंमत अशी की महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ हेही सिंचनाचेच अपत्य आहे. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा जुना बंधारा. त्यात गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणी उथळ झाले. अभियंत्याच्या दृष्टीने ते नुकसान, बदकांच्या दृष्टीने स्वर्ग. 1986 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत त्याचे नाव जाहीर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर त्या यादीत गेले. लोणार जगप्रसिद्ध, आणि ते असायलाच हवे, उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले असे सरोवर दुसरीकडे सहज सापडत नाही. पण नुसती बदके पाहायला लोणारला जाणाऱ्याने अपेक्षा बेताचीच ठेवावी. खारे, अल्कधर्मी पाणी, काठाची उतरंड तीव्र. तिथे टिबुकल्या आहेत, शेकाट्या आहेत, कड्यांवरच्या झाडीत वनपक्ष्यांची चंगळ आहे. लोणारचे मोल त्याच्या खडकात आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत आहे, आणि अडाणसारख्या बिनदर्जाच्या जलाशयाचे मोल त्याच्या चिखलात. एकाला फलक मिळाला, दुसऱ्याला मिळायची सोयच नाही.

रामसरच्या निकषांत दोन आकडे आहेत, ते निरीक्षकाने पाठ करावेत. एखाद्या जागी नियमितपणे 20,000 पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी 1 टक्का पक्षी तिथे नियमितपणे येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. आमचा जलाशय त्यात बसेल असा माझा दावा नाही. पण बसतो की नाही, हे ठरवायलाही नियमित नोंदी लागतात, आणि 'नियमितपणे' या शब्दात बरीच वर्षे येतात. 2023 च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालाने 942 जातींचा आढावा घेऊन 178 जातींना सर्वाधिक काळजीच्या गटात ठेवले. ज्या गटांची घट ठळक आहे त्यांत शिकारी पक्षी, चिखलातले स्थलांतरित पक्षी आणि बदके आहेत. हा अहवाल लक्षावधी साध्या नोंदींवर उभा आहे, आणि त्या नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांनी केलेल्या. मोठ्या शहरांभोवती त्यांचे ढीग आहेत. मानोरा-कारंजासारख्या भागातून एक चांगली यादी गेली तर ती नकाशावरची रिकामी जागा भरते.

नावांविषयी थोडे विषयांतर करतो. मराठीत पक्ष्यांची नावे नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने ती खोटी पाडली. चितमपल्ली विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून वावरले, आदिवासी-भोई-पारधी यांच्याकडून नावे वेचली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, डॉ. सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर. 2020 पासून राज्यात या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, म्हणजे बहुतेक दिवाळीच्याच आसपास. हळदी-कुंकू हे नाव कोणी ठेवले असेल ते ठाऊक नाही, पण काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेल्या बदकाला याहून चांगले नाव सुचणार नाही. हे बदक आपले कायमचे रहिवासी. शाळेतल्या मुलांना मी आधी तेच दाखवतो. एकदा पाहिले की विसरत नाहीत.

चक्रवाकाचेही नाव सगळ्यांना माहीत असते, पक्षी मात्र क्वचित. जोडीतले दोघे रात्री विलग होतात आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारतात, हा कविसंकेत संस्कृत साहित्यात पुन्हा पुन्हा येतो. त्यातल्या हाका खऱ्या आहेत. नारिंगी-तांबूस रंगाची ही मोठी बदके रात्रीही ओरडतात, आवाज पाण्यावरून फार दूर जातो, आणि चरायला थोडी पांगलेली जोडी हाकेला हाक देत असते. शाप वगैरे काही नाही. हिवाळ्यात एखाद्या रात्री पंप सुरू करून बांधावर शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला तो आवाज आमच्या भागात ऐकू येऊ शकतो. मी विचारले तेव्हा त्या शेतकऱ्याने लगेच ओळखला. "हां, ते रातचे आंग आंग करते ते! मले वाटलं, टिटवीच हाय दुसऱ्या जातीची."

यंदा जानेवारीत मोजणीला त्यालाच बोलावले आहे. पाण्याची पातळी तो काठीच्या खुणेवर मोजणार, कारण पंपासाठी ती त्याला तशीही रोज पाहावी लागते, आणि मी पूर्वेच्या काठावरून, सूर्य पाठीशी घेऊन, चांदवे वेगळे मोजणार.